फियाटच्या पोटात निसान

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, त्र्यंबक रस्त्यापासून थोडे आत, एका पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या पावसाळ्यापासून एक पद्मिनी उभी आहे. १९८३ सालची, पांढरी. बोनेट उघडे आहे आणि आत इंजिन नाही. ते शेजारीच लाकडी ठोकळ्यांवर ठेवले आहे. त्याच्या ब्लॉकला, तिसऱ्या सिलिंडरपाशी, पाण्याच्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीला वीतभर तडा गेला आहे. गाडी एका निवृत्त मुख्याध्यापकांची. ते दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा पुण्याला नोकरीत, आई इथे नाशिकला. मुलाला गाडी विकायची नाही आणि भंगारातही द्यायची नाही. एका मेकॅनिकने त्याला सांगितले की जुन्याच्या नादी लागू नका, अपघातात गेलेल्या एखाद्या नव्या गाडीचे इंजिन टाकून देतो, वर एसीसुद्धा चालेल. मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, टाकू का?"

मी पदवीधर इंजिनीअर नाही. आयटीआयमधून टर्नर झालो, बावीस वर्षे इथल्याच एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. जुन्या गाड्यांची दुरुस्तीपुस्तके, सुट्या भागांच्या याद्या, रद्दीतली मोटारींची मासिके गोळा करण्याचा नाद लागला, आणि त्यातून जे कळत गेले तेवढीच माझी पुंजी. मुलाला एका शब्दात उत्तर देता आले असते. पण वर्षाकाठी चार-पाच जण तरी हाच प्रश्न घेऊन येतात, आणि त्यांतले बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून विचार करतात. 'कोणते इंजिन बसेल?' असे ते विचारतात. इंजिन बहुतेक कोणतेही बसवता येते. अडचणी येतात त्या त्याच्या आजूबाजूला, आणि शेवटची अडचण तर गाडीबाहेर, कागदावर असते. म्हणून हा विषय एकदा मुळापासून मांडतो.

'ओरिजिनल' म्हणजे कोणते?

आपल्याकडे जिला सगळे सरसकट 'फियाट' म्हणतात, ती मुंबईत कुर्ल्याला बनत असे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. सुरुवातीला तिथे अमेरिकन गाड्यांची जुळणी होई, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' निघू लागली. करार संपल्यावर काही काळ तीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली, आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. नवे शतक उजाडेपर्यंत ती बनत राहिली. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस.

या गाडीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर. हेच माप फियाटने १९३७ साली '५०८ सी' या गाडीत आणले होते, तेव्हा त्यातून ३२ अश्वशक्ती निघत होती. म्हणजे आपल्या चौकात उभी असलेली काळी-पिवळी टॅक्सी दुसऱ्या महायुद्धाआधीच्या इंजिनाचा वंश चालवत होती. त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या घरात गेली, पण हाडे तीच.

आता गंमत पाहा. इटलीत १९६२ मध्ये जी '११०० डी' निघाली, जिच्यावरून आपली डिलाइट घेतली, तिच्यात १०८९ चे इंजिन नव्हतेच. तिच्यात १२२१ घनसेंटिमीटरचे इंजिन होते. व्यास ७२, स्ट्रोक तोच ७५. आपल्याकडे मात्र नवी बॉडी आली आणि तिच्या पोटात आधीचे लहान इंजिन राहिले. दोन्ही इंजिने एकाच घराण्यातली असल्यामुळे कोणाला ते खटकले नाही. पण 'ओरिजिनल फियाट' असे छाती ठोकून सांगणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, की ती गाडी जन्मतःच इटलीतल्या आपल्या बहिणीहून वेगळे इंजिन घेऊन आली होती.

कंपनीनेच केलेला बदल

इटालियन गाडीत दुसऱ्याच कंपनीचे इंजिन घालण्याचा आपल्या देशातला सर्वांत मोठा प्रयोग कोण्या गॅरेजवाल्याने केलेला नाही. तो प्रीमियरनेच केला. १९८५ मध्ये तिने 'प्रीमियर ११८ एनई' बाजारात आणली. बॉडी फियाट १२४ ची, तीसुद्धा स्पेनच्या सेआत कंपनीकडच्या आवृत्तीवरून घेतलेली. इंजिन जपानच्या निसानचे. 'एनई' म्हणजे निसान इंजिन, आणि ११८ हा आकडा इंजिनाच्या मापाची आठवण देणारा.

हा जोड का जमला, ते मापे शेजारी ठेवली की दिसते. फियाट १२४ इटलीत १९६६ मध्ये आली. तिच्या मूळ इंजिनाचा व्यास ७३ मिलिमीटर, स्ट्रोक ७१.५, एकूण ११९७ घनसेंटिमीटर. निसानचे ए-१२ इंजिन १९७० च्या सुमाराचे, व्यास ७३, स्ट्रोक ७०, एकूण ११७१ घनसेंटिमीटर. व्यास तंतोतंत तोच. दोघांतही चार सिलिंडर एका ओळीत, दोघांच्याही क्रँकला पाच मुख्य बेअरिंग, दोघांतही व्हॉल्व्ह पुशरॉडने हलणारे. दोन वेगळ्या देशांतल्या लोकांनी एकाच वजनाच्या गाडीसाठी जवळजवळ तेच उत्तर काढले होते. त्यामुळे १२४ च्या पोटातली जागा, पुढच्या चाकांवरचा भार आणि मागे जाणारी ताकद यांत फार उलथापालथ झाली नाही. या इंजिनातून सुमारे ५२ अश्वशक्ती मिळे, म्हणजे पद्मिनीपेक्षा स्पष्टपणे जास्त.

१२४ ची बॉडी आधीपासूनच अशा बदलांना सरावलेली होती. रशियाने फियाटकडून हीच गाडी घेऊन १९७० मध्ये तिची 'लाडा' केली, तेव्हा इंजिनासकट आठशेहून जास्त बदल केले. तिथे कॅमशाफ्ट वर असलेले ११९८ घनसेंटिमीटरचे इंजिन बसवले, आणि खराब रस्त्यांसाठी पत्रा जाड केला.

प्रीमियरच्या निर्णयातली माझ्या मते सर्वांत शहाणपणाची गोष्ट वेगळीच आहे. तिने निसानचे इंजिन घेतले आणि त्याच्याबरोबर निसानचाच गिअरबॉक्स घेतला. जी जोडी जपानमध्ये एकमेकांसाठी बनली होती, ती तोडली नाही. पुढे नव्वदीच्या दशकात कोलकात्याच्या अँबॅसडरमध्ये इसुझूचे १८०० चे इंजिन आले, तेव्हाही त्याच्याबरोबर इसुझूचा पाच गिअरांचा बॉक्स आला.

याच्या उलट उदाहरणही त्याच १९८५ सालचे आहे. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ब्रिटनच्या रोव्हरची नवी, देखणी बॉडी घेऊन 'स्टँडर्ड २०००' काढली. आत मात्र चाळीसच्या दशकातल्या व्हॅनगार्ड गाडीच्या इंजिनाचा वंशज बसवला. बाहेरून गाडी विमानासारखी, आतून दम लागलेली. तीन वर्षांत उत्पादन थांबले. जुन्या बॉडीत तिच्याच मापाचे, थोडे नवे इंजिन चालून गेले. मोठ्या नव्या बॉडीत थकलेले इंजिन चालले नाही.

खुद्द इटालियनांनाही परक्या इंजिनाचे वावडे नव्हते. मिलानजवळच्या इझो कंपनीने १९६२ मध्ये आपल्या 'रिव्होल्टा' गाडीत शेव्हरोलेचे अमेरिकन व्ही-८ इंजिन घातले. १९७१ च्या 'दे तोमासो पांतेरा'त फोर्डचे होते. या गाड्या आज मानाने मिरवतात, कारण त्या तशाच जन्मल्या. उलट, पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकेत थकलेल्या रेसिंग फेरारींमध्ये मालकांनी स्वस्त पडते म्हणून शेव्हरोलेची इंजिने टाकली. त्या काळी तो व्यवहारी विचार होता. आता त्यांचे नवे मालक मूळ क्रमांकाचे इंजिन जगभर शोधत फिरतात. कारखान्यात झालेला बदल आणि मालकाने केलेला बदल यांत लोखंडाच्या दृष्टीने फरक नसेलही, पण इतिहास दोघांना वेगवेगळे वागवतो.

जीपला जमते ते पद्मिनीला का नाही?

"आमच्या मामांनी जीपमध्ये मॅटाडोरचं इंजिन टाकलं होतं, वीस वर्षं चाललं," असे सांगणारे नाशिक-इगतपुरी पट्ट्यात घरोघर भेटतील. खरे आहे ते. जीपमध्ये इंजिन बदलणे ही या भागात जुनी विद्या आहे. सातपूरचा महिंद्राचा कारखाना आणि इगतपुरीचा इंजिनांचा कारखाना जवळ. जीपमध्ये मूळच्या विलीस पेट्रोल इंजिनाच्या जागी कंपनीने पुढे पूजो या फ्रेंच कंपनीच्या धाटणीचे डिझेल इंजिन आणलेले. तेव्हा बाहेरचे मेकॅनिकही त्यात तरबेज झाले यात नवल नाही.

पण जीपची रचना निराळी. तिच्या तळाशी शिडीसारखी स्वतंत्र चासी असते, दोन जाड लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी हे सगळे त्या शिडीवर ठेवलेले सामान. एक आडवा दांडा कापून चार इंच मागे वेल्ड केला तरी शिडी उभी राहते.

पद्मिनीला अशी शिडीच नाही. १९५३ मध्ये फियाटने ११०० ची जी नवी पिढी आणली, तिच्यात बॉडी आणि चासी एकजीव केली. जमिनीचा पत्रा, उंबऱ्याच्या पेट्या, इंजिनामागची भिंत आणि पुढचे साइड मेंबर मिळून गाडीचा भार पेलतात. आगपेटीसारखी कल्पना करा. पेटी बंद असेपर्यंत पातळ पुठ्ठासुद्धा ताठ राहतो, एक बाजू कापली की ती हातात मुरगळते. नवे इंजिन लांब आहे म्हणून मागची भिंत ठोकून आत ढकलली, किंवा तेलाचे सम्प अडते म्हणून पुढच्या क्रॉस मेंबरला खाच पाडली, की ती आगपेटी उघडली. सुरुवातीला काही कळत नाही. सहा-आठ महिन्यांनी दार नीट लागेनासे होते, मग पुढच्या काचेच्या कोपऱ्यात तडा जातो. गाडी 'अपशकुनी' निघाली असे एकाने मला सांगितले होते. तिच्या क्रॉस मेंबरमधून तळहाताएवढा तुकडा कापलेला होता.

आपली गाडी उजव्या हाताच्या स्टिअरिंगची, हेही विसरता येत नाही. स्टिअरिंगची पेटी इंजिनाच्या उजव्या अंगाला असते. बाहेरच्या इंजिनाचा धुराचा पाइप किंवा सेल्फ नेमका त्याच बाजूला आला तर दोघांची टक्कर होते. म्हणून इंजिन आणण्याआधी पुठ्ठ्याचा त्याच मापाचा डबा करून बोनेटखाली ठेवून पाहावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. लोक हसतात. पण पुठ्ठा कापायला दहा रुपये लागतात.

आणखी एक अडसर. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांची इंजिने आडवी बसवलेली असतात आणि पुढची चाके फिरवतात. पद्मिनीत इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीत बसते, आणि लांब शाफ्टने मागची चाके फिरतात. अपघातातल्या नव्या गाडीचे इंजिन आणायचे म्हटले की त्याचा स्वतःचा गिअरबॉक्स इथे कामाचा राहत नाही. मग प्रीमियरने जी जोडी शहाणपणाने राखली, ती आपल्याला तोडावी लागते. इंजिन एकाचे, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, आणि मधे आपण घडवलेली प्लेट.

पाव मिलिमीटरची गोष्ट

ही प्लेट, जिला ॲडॅप्टर प्लेट म्हणतात, हे माझ्या धंद्यातले काम. तिच्या एका बाजूला इंजिनाच्या बोल्टांची भोके, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सच्या. दिसायला सोपी. पण इंजिनाच्या क्रँकचे केंद्र आणि गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टचे केंद्र एका रेषेत असलेच पाहिजे. भोके 'साधारण जुळली' म्हणून चालत नाही, कारण बोल्टाचे भोक बोल्टापेक्षा थोडे मोठेच असते. जागा बोल्टाने पक्की होत नाही, डॉवेल पिनने होते.

काही वर्षांपूर्वी एकाने अशी गाडी आणली. दर तीन-चार महिन्यांनी गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग जात होते. तीन वेगवेगळ्या कंपन्यांची बेअरिंगे टाकून झाली होती आणि प्रत्येक वेळी दोष बेअरिंगला दिला गेला होता. आम्ही गिअरबॉक्स उतरवला, फ्लायव्हीलवर डायल इंडिकेटर लावला आणि क्रँक हाताने फिरवला. प्लेटच्या मधल्या भोकाच्या कडेवरून काटा अर्ध्या मिलिमीटरने सरकला. डायलवर जेवढे दिसते त्याच्या निम्मे केंद्र सरकलेले असते, म्हणजे पाव मिलिमीटर. पाव मिलिमीटर म्हणजे साधारण एका पोस्टकार्डाची जाडी. तेवढ्याने तो शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला वाकवला जात होता, मिनिटाला तीन हजार वेळा. प्लेट पुन्हा धरून डॉवेलची भोके नव्याने बोअर केली, दुरुस्ती तेवढीच. बेअरिंगे बिचारी निर्दोष होती.

क्लच प्लेटचेही तसेच. तिचा बाहेरचा व्यास इंजिनाच्या फ्लायव्हीलशी जुळावा लागतो आणि मधले दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टशी. क्रँकच्या टोकाला शाफ्टचे नाक धरणारे एक छोटे बुश असते. ते नव्या मापाचे घडवून घ्यावे लागते. मागे जाणाऱ्या शाफ्टची लांबी बदलली तर त्याचा तोल पुन्हा साधावा लागतो, आणि दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे ठेवावे लागतात, नाहीतर ठरावीक वेगाला गाडी थरथरते. सातपूर-अंबडला हे सगळे करणारे हात आजही आहेत. फक्त काम सांगणाऱ्याला काय मागायचे ते माहीत हवे.

वेग, घाट आणि ब्रेक

इंजिन बसले, जोडले, सुरू झाले. आता हिशेब मागच्या ॲक्सलचा. पद्मिनीचे टायर ५.२०-१४ मापाचे. एका फेऱ्यात गाडी अंदाजे १.८५ मीटर पुढे जाते. मागच्या ॲक्सलचे प्रमाण हिशेबापुरते ४.३ धरू, म्हणजे शाफ्टचे ४.३ फेरे झाले की चाकाचा एक. टॉप गिअरला ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना चाक मिनिटाला ७२० फेरे करते आणि इंजिन जवळपास ३१००. पेट्रोल इंजिनाला हे सोपे आहे. पण कोणी ३६०० फेऱ्यांना दमणारे डिझेल इंजिन टाकले, तर गाडी ताशी ९३ च्या पुढे जाणारच नाही, आणि महामार्गावर ते सतत छाती फुटेस्तोवर पळत राहील. इंजिनाची ताकद कितीही असो, ॲक्सल बदलल्याशिवाय हे सुटत नाही. नव्वदीच्या दशकात प्रीमियरने पद्मिनीत इटलीच्या एफएनएम कंपनीचे १३६६ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन दिले, तिचे नाव '१३७ डी'. ते लहान आणि त्यातल्या त्यात चपळ होते. ट्रक-टेम्पोचे इंजिन उचलून टाकण्यापेक्षा तो विचार वेगळा होता.

पिस्टनच्या धावेचाही विचार करावा. मिनिटाला ५००० फेऱ्यांना पद्मिनीचा पिस्टन सरासरी सेकंदाला १२.५ मीटर धावतो, निसानचा ११.७ मीटर. पाच मिलिमीटर कमी स्ट्रोकचा हा फायदा. त्यामुळे निसान त्याच वेगाला जरा निवांत असतो.

मग उष्णता. ढोबळमानाने पेट्रोलमधल्या ऊर्जेचा एक तृतीयांश चाकांकडे जातो, एक तृतीयांश धुराबरोबर, आणि उरलेला पाण्यावाटे रेडिएटरमध्ये. म्हणजे चाळीसऐवजी ऐंशी अश्वशक्ती वापरायची तर रेडिएटरलाही साधारण दुप्पट उष्णता बाहेर टाकावी लागेल. सपाट रस्त्यावर ते जाणवत नाही. कसारा घाटात, मे महिन्यात, दुपारी, ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरवर चढताना जाणवते. मुख्याध्यापकांच्या गाडीचा ब्लॉकसुद्धा असाच गेला. पाणी कमी असताना गाडी तापली आणि घाईघाईत कोणीतरी तिच्यात थंड पाणी ओतले.

आणि सगळ्यांत शेवटी, खरे तर सगळ्यांत आधी, ब्रेक. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम. ताशी ८० वरून वेग १०० केला तर गाडी थांबवताना जिरवायची ऊर्जा सव्वा पट होत नाही, दीड पटीहून अधिक होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ताकद दुप्पट करणारे शंभर जण मला भेटले. ब्रेकचा विषय स्वतःहून काढणारे त्यांतले तिघे.

कागदावरची गाडी

नोंदणी पुस्तकात चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक हे दोन वेगळे रकाने असतात. कायद्याच्या नजरेत गाडी म्हणजे या दोघांची जोडी. मोटार वाहन कायदा, १९८८, याचे कलम ५२ सांगते की नोंदणीतला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. २००० साली हे कलम दुरुस्तीने कडक झाले, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ तितक्याच कडकपणे लावला. सीएनजीचे मान्यताप्राप्त किट बसवण्यासारख्या इंधनबदलाला कायद्यात स्वतंत्र वाट आहे. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी त्याच वाटेने सीएनजीवर गेल्या. त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे दुसरे इंजिन टाकायचे असेल तर परिवहन कार्यालयाच्या परवानगीने क्रमांक बदलून घ्यावा लागतो. दुसऱ्याच कंपनीचे, वेगळ्या मापाचे इंजिन ही मात्र मूळ तपशिलापासून सरळ फारकत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बदलाला, दर बदलामागे, पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.

पकडले जाण्याची भीती हा यातला लहान भाग. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. त्या वेळी निरीक्षक बोनेट उघडून क्रमांक पाहतो. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूसही तोच क्रमांक पाहतो. समोरच्याला इजा झाली असेल, तर गाडी कागदाशी जुळत नाही हा मुद्दा फार महाग पडू शकतो.

उलट बाजूला एक नवी वाट उघडली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचा नियम आणला. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे, नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा. मुख्याध्यापकांची गाडी १९८३ ची. ती २०३३ मध्ये पन्नास वर्षांची होईल. हा आकडा मी मुलाला कागदावर लिहून दाखवला.

मग काय करायचे?

मी त्याला म्हणालो, तुझा प्रश्न इंजिन बदलण्याचा नाहीच, तडा सांधण्याचा आहे. ओतीव लोखंडाचा तडा वेल्डिंगने सांधायला गेले तर उष्णतेने शेजारी दुसरा जातो. पण थंड पद्धतीने, तड्याच्या ओळीवर एकात एक अडकणाऱ्या चुड्या बसवून तो शिवता येतो. याला मेटल स्टिचिंग म्हणतात. तडा बाहेरच्या भिंतीला आहे, सिलिंडरच्या आत नाही, ही त्याची पुण्याई. ब्लॉक तोच राहिला की त्यावर कोरलेला क्रमांक तोच राहतो, आणि पुस्तकातला रकाना खोटा ठरत नाही.

ते जमले नाही तर १०८९ चाच दुसरा ब्लॉक शोधायचा, पावतीसह, आणि परवानगी घेऊन बसवायचा. टॅक्सी रस्त्यावर होत्या तोवर कुर्ल्याच्या भंगार बाजारात असे ब्लॉक सहज मिळत. आता ते वितळायला जात आहेत, तेव्हा घाई केलेली बरी. आणि काहीही झाले तरी जुना ब्लॉक टाकायचा नाही. कोपऱ्यात पडून राहिला तर जागा खाईल, अन्न नाही.

ज्यांनी पूर्वीच, नियम ढिले असताना, इंजिने बदलून गाड्या चालत्या ठेवल्या, त्यांना मी दोष देणार नाही. सुटा भाग मिळत नव्हता, पेट्रोल परवडत नव्हते, गाडी मात्र पोटापाण्याला हवी होती. त्यांच्यातल्या कित्येकांनी जी प्लेट घडवली, जो शाफ्ट कापला, त्याचे चित्र कुठेही नाही. ते करणारे मिस्त्री सत्तरी ओलांडलेले आहेत, काही गेले. अशी गाडी कोणाच्या दारात असेल तर एवढे तरी करा. कोणते इंजिन, कोणता गिअरबॉक्स, प्लेट किती जाडीची, ॲक्सलचे प्रमाण काय, कोणत्या गाडीचे बेअरिंग चालते, हे एका कागदावर लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवा. पुढचा मेकॅनिक अंधारात चाचपडणार नाही.

ब्लॉक शिवून परत आला आहे. पाण्याचा दाब देऊन पाहिला, तासभर थेंब आला नाही. पिस्टन-रिंगा जुळवायच्या बाकी आहेत, ते दिवाळीनंतर. मुलाची आई परवा शेडमध्ये येऊन ठोकळ्यांवरचे इंजिन बघून गेल्या. त्यांनी एकच विचारले, "आवाज तोच येईल ना?" मी म्हटले, इंजिन तेच आहे वहिनी, सायलेन्सर मात्र नवा लागेल. मुलाने नव्या रेडिएटरचे पैसे पाठवले आहेत.